भाऊजींच्या शनिवारच्या लॉरीचा टॅक्स

१५ सप्टेंबर २०२४, लेस्टर

आज फाइल उघडली. धाकटे दीर सोमवार ते शुक्रवार एका गोदामात प्लॅनर आहेत, पगार वर्षाला ३६,००० पौंड. क्लास वन (जोड-लॉरीचं) लायसन जुन्या नोकरीत काढलेलं, टॅकोग्राफ कार्ड (लॉरीतले कामाचे तास नोंदवणारं) आणि ड्रायव्हर सीपीसी (व्यावसायिक ड्रायव्हरचं पात्रतापत्र) दोन्ही चालू. लॉरीचं वेड काही सुटलेलं नाही. आता डेव्हेंट्रीकडच्या एका लहान वाहतूकदाराला अधूनमधून शनिवारी माणूस हवा आहे. ताशी १८ पौंड, अकरा तासांची पाळी. तो म्हणतो, "सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून इन्व्हॉइस पाठवा, पूर्ण पैसे देतो, टॅक्सचं तुमचं तुम्ही बघा."

भाऊजींनी विचारलं, "वहिनी, यातले किती बाजूला काढून ठेवू?" मी पेरोलमध्ये काम करते, त्यामुळे घरातले असले प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. त्यांना म्हटलं, किती ते नंतर बघू. आधी हे इन्व्हॉइसचं काम आहे का, ते ठरू दे.

१७ सप्टेंबर २०२४

सेल्फ-एम्प्लॉइड आहोत की नोकर, हे दोघांनी हात मिळवून ठरवायची गोष्ट नाही. काम प्रत्यक्षात कसं चालतं त्यावरून ते ठरतं. एचएमआरसीचं, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याचं, 'सेस्ट' नावाचं ऑनलाइन साधन आहे. भाऊजींना शेजारी बसवून त्यातले प्रश्न एकेक करून सोडवले.

स्वतःऐवजी दुसरा माणूस पाठवता येईल का? नाही, मालकाला हेच हवेत. कुठे जायचं, किती वाजता निघायचं कोण ठरवतं? मालकाचं ट्रान्सपोर्ट ऑफिस. लॉरी कोणाची? मालकाची. डिझेल? मालकाचं. विमा? त्याचाच. माल चुकीच्या डेपोत गेला तर परत नेण्याचा खर्च कोण करणार? मालक. पैसे कसे? तासावर.

निकाल आला: कराच्या दृष्टीने नोकर. दिलेली माहिती खरी असेल तर एचएमआरसी हा निकाल मान्य करते, म्हणून पान छापून फाइलला लावलं.

यात नवल काही नाही. स्वतःची लॉरी नसलेला ड्रायव्हर सेल्फ-एम्प्लॉइड ठरणं फार विरळा, ही एचएमआरसीची जुनीच भूमिका आहे. आणि स्वतःची लॉरी म्हटलं की साडेतीन टनांच्या वर दुसऱ्याचा माल भाड्याने न्यायला ऑपरेटर लायसन लागतं. ते शनिवारच्या हौसेसाठी कोणी काढत नाही. म्हणजे 'फ्रीलान्स लॉरी ड्रायव्हर' म्हणून जो माणूस आपल्याला भेटतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या लॉरीत बसलेला, दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालणारा माणूस असतो. त्याच्या हातात इन्व्हॉइसचं पुस्तक दिल्याने तो धंदेवाला होत नाही.

भाऊजींचं तोंड जरा उतरलं. त्यांना 'स्वतःचा धंदा' म्हणायला आवडलं असतं.

२६ सप्टेंबर २०२४

मालकाशी फोनवर भाऊजीच बोलले, मी शेजारी कागद घेऊन बसले होते. मालकाला पेरोल नको होतं कारण "खर्च फार वाढतो". म्हणून त्याच्या बाजूचा हिशोबच मांडला. पाळीचे १९८ पौंड. अनियमित तासांच्या कामगाराला सुट्टीचा पगार १२.०७ टक्क्यांनी द्यायचा, तो प्रत्येक पगारात मिळवून देता येतो: २३.९० पौंड. एकूण २२१.९०. त्यावर मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (सरकारी विम्याचा हप्ता), आठवड्याला १७५ पौंडांच्या वरच्या रकमेवर १३.८ टक्के, म्हणजे साधारण साडेसहा पौंड. एम्प्लॉयमेंट अलाउन्स (मालकाला या हप्त्यात मिळणारी वार्षिक सूट) शिल्लक असेल तर तेही नाहीत. म्हणजे खरा जास्तीचा खर्च सुट्टीच्या पगाराचा, आणि तो कामगाराचा हक्कच आहे. शिवाय उद्या एचएमआरसीने या पाळ्या नोकरीच्या ठरवल्या तर मागचा पीएवायई (पगारातूनच कापायचा) टॅक्स आधी मालकाकडेच मागतात, हे ऐकल्यावर मालकाचा आवाज बदलला.

पेरोलवर घ्यायला तयार झाला. "स्टार्टर चेकलिस्ट" (नव्या कामगाराने भरायचा फॉर्म) पाठवली. त्यात तीन विधानं असतात, भाऊजींसाठी 'सी': माझी दुसरी नोकरी आहे. यामुळे इथे टॅक्स कोड 'बीआर' लागेल, म्हणजे पहिल्या पौंडापासून सरळ २० टक्के. करमुक्त १२,५७० पौंड गोदामाच्या पगारात १२५७एल कोडने आधीच वापरले जातात.

भाऊजी: "पहिल्या पौंडापासून? मग दुसऱ्या नोकरीवर टॅक्स जास्तच लागतो की."

हा समज इतका पसरलेला आहे की आमच्या ऑफिसातही महिन्याला कोणीतरी हेच म्हणतं. टॅक्स जास्त नाही. सूट एकदाच मिळते आणि ती पहिल्या नोकरीत संपलेली असते, एवढंच. दोन्ही मिळून ५०,२७० च्या आत (२० टक्क्यांचा पट्टा तिथे संपतो) राहिलं तर 'बीआर' अगदी बरोबर बसतो. पहिला पगार ४८,००० असता तर मात्र 'बीआर' कमी कापला असता आणि वर्षाखेरी फरक भरावा लागला असता.

उलट नॅशनल इन्शुरन्समध्ये दुसऱ्या नोकरीचा फायदाच आहे. तो प्रत्येक नोकरीचा वेगळा मोजतात आणि कामगाराचा ८ टक्के हप्ता आठवड्याला २४२ पौंडांच्या वरच सुरू होतो. २२१.९० वर काहीच नाही. हातात पाळीचे साधारण १७७ पौंड. तेच जास्तीचे तास गोदामात ओव्हरटाइम म्हणून केले असते तर २० अधिक ८ असे २८ टक्के गेले असते.

पेन्शनचं एक बारीक टोक राहिलं. आठवड्याचा पगार १९२ पौंडांच्या वर गेला की पेन्शनमध्ये आपोआप नाव घालतात, मालकाला तीन महिने पुढे ढकलता येतं. राहायचं की बाहेर पडायचं, भाऊजी बघतील.

६ ऑक्टोबर २०२४

टॅक्सचं नाही, पण याच फाइलमध्ये हवं. किती शनिवार चालवता येतील हे टॅक्सवर नव्हे, विश्रांतीच्या नियमांवर ठरतं.

गोदामातलं खुर्चीतलं कामसुद्धा लॉरीच्या नियमांत 'इतर काम' धरतात. त्या आठवड्याचे ते तास टॅकोग्राफमध्ये हाताने भरावे लागतात. शुक्रवारी पाचला गोदाम सुटलं, शनिवारी पहाटे चारला लॉरी: मध्ये बरोबर ११ तास, चालतं. शनिवारी दुपारी तीनला पाळी संपली, सोमवारी सकाळी आठला पुन्हा गोदाम: ४१ तास. पूर्ण साप्ताहिक विश्रांती ४५ तासांची. चार तास कमी, म्हणजे ही 'कमी केलेली' विश्रांती झाली, आणि ते चार तास पुढच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत एकगठ्ठा भरून द्यायचे. सलग दोन आठवड्यांत एक तरी पूर्ण विश्रांती हवीच. म्हणजे लागोपाठ दोन शनिवार नाहीत. मधला मोकळा शनिवार-रविवार शुक्रवारी संध्याकाळपासून धरला तर ६३ तासांचा, त्यात ४५ आणि उरलेले चार सहज बसतात.

जाऊबाई म्हणाल्या, हे सरकारने माझ्यासाठीच लिहिलंय.

१० नोव्हेंबर २०२४

नवीन प्रकरण. भाऊजींना ट्रेड प्लेटचं काम मिळालं. विकलेल्या किंवा लीजवरून परत आलेल्या रिकाम्या लॉऱ्या एका यार्डातून दुसऱ्या यार्डात पोचवायच्या. पांढऱ्यावर लाल अक्षरांच्या दोन तात्पुरत्या नंबरपाट्या पुढे-मागे लावायच्या, गाडी पोचली की त्या पिशवीत घालून ट्रेनने परत. जुने ड्रायव्हर या पाट्या हातात धरून मोटरवेच्या तोंडाशी लिफ्ट मागत उभे राहायचे. भाऊजींनाही तसं करून बघायचं होतं. जाऊबाईंनी मोडीत काढलं.

इथे पैसे तासावर नाहीत. नगावर ठरलेली रक्कम, आणि तिच्यातूनच डिझेल आणि परतीचं तिकीट स्वतः काढायचं. ट्रेन चुकून मुक्काम पडला तर तोही आपल्याच खिशातून. काम यादीत येतं, नको ते सोडायचं. एकाहून जास्त कंपन्यांची कामं घेता येतात. लॉरी मालकाची असली तरी ती इथे अवजार नसून पोचवायचा मालच आहे. नफा-तोटा खरोखर भाऊजींचा. कार्डिफची फेरी दिवसात आटोपली तर बरे पैसे सुटतात, ग्लासगोला रात्र पडली की जवळजवळ काहीच नाही.

माझ्या मते हे सेल्फ-एम्प्लॉयमेंट म्हणून टिकतं. तरी कामाच्या अटींचा ईमेल, नाकारलेल्या कामांचे मेसेज, सगळं जपून ठेवायला सांगितलं. आता एकाच माणसाच्या दोन लॉऱ्या, एक पेरोलवर आणि एक वहीत. त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

वही म्हणजे गूगल शीट: तारीख, कुठून कुठे, ठरलेली रक्कम, डिझेल, तिकीट, बाकी. पावतीचा फोटो त्याच दिवशी. पंपावरच्या उष्णतेने छापलेल्या पावत्या खिशात दोन महिने राहिल्या की कोऱ्या होतात.

१८ जानेवारी २०२५

एका एजन्सीचा माणूस भाऊजींना म्हणाला, लिमिटेड कंपनी काढा, टॅक्स वाचतो. मी थोडक्यात सांगितलं: शनिवारच्या पाळीसारखं काम कंपनीतून केलं तरी आयआर-३५ (कंपनीआडून केलेली नोकरी नोकरीच धरायचा नियम) आडवा येतो, आणि मध्यम-मोठ्या ग्राहकाकडे तो निर्णय एप्रिल २०२१ पासून ग्राहकच करतो. एजन्सीमार्फत थेट गेलं तर २०१४ पासूनचे नियम आहेत: कोणी देखरेख करत असेल तर पीएवायई कापावाच लागतो. तिसरा पर्याय अम्ब्रेला कंपनी, म्हणजे एजन्सीच्या ड्रायव्हरला आपल्या पेरोलवर ठेवणारी मधली कंपनी. तिथे जाहिरातीतला ताशी दर मोठा दिसतो, पण त्यातूनच मालकाचा नॅशनल इन्शुरन्स आणि त्यांची फी आधी जाते. वर कंपनीचे हिशोब, अकाउंटंटची फी. अधूनमधूनच्या कामासाठी हा सगळा संसार कशाला?

विषय बंद.

६ एप्रिल २०२५

कराचं वर्ष काल, ५ एप्रिलला संपलं. ट्रेड प्लेटची वही बंद करून बेरीज केली.

एकूण जमा २,१४० पौंड.

भाऊजी म्हणाले, "पण हातात तर हजारही उरले नाहीत. हजारापर्यंत माफ असतं ना?" असतं, पण ते हजार जमेवर मोजतात, नफ्यावर नाही. ट्रेडिंग अलाउन्स १,००० पौंडांचा. खर्च वजा करायच्या आधीची जमा त्याच्या आत असती तर कळवायचीही गरज नव्हती. २,१४० म्हणजे नोंदणी करायची आणि रिटर्न भरायचं. शनिवारच्या पाळ्यांचे पैसे या बेरजेत येत नाहीत, तो पगार आहे.

ही कळवायची मर्यादा ३,००० करणार असं सरकारने मार्चमध्ये जाहीर केलंय. भाऊजींनी बातमी पाठवली होती. मर्यादा कळवण्याची वाढणार, करमाफीची नाही, आणि गेल्या वर्षाला तर लागूच नाही.

आजपासून मालकाच्या बाजूचा हिशोबही बदलला: नॅशनल इन्शुरन्स १५ टक्के आणि तो आठवड्याला ९६ पौंडांपासून. त्याच पाळीवर साडेसहाऐवजी जवळजवळ एकोणीस पौंड. मात्र एम्प्लॉयमेंट अलाउन्स ५,००० वरून १०,५०० झालाय, त्यामुळे एवढ्या लहान वाहतूकदाराला कदाचित काहीच भरावं लागणार नाही. शनिवार कमी होतील का, बघू.

८ जून २०२५

दोन्ही ठिकाणचे पी-६० (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कागद) आले. वाहतूकदाराचा ३१ मेच्या अगदी तोंडावर.

मग खर्चाला बसलो. इथे दोनच वाटा आहेत: सरसकट १,००० वजा करा, नाहीतर खरे खर्च वजा करा. दोन्ही एकत्र नाही.

डिझेल ६५५. परतीची ट्रेन आणि बस ४१२. ग्लासगोचा मुक्काम आणि रात्रीचं जेवण ७६. सेफ्टी बूट आणि हातमोजे ४८. फोनचा कामापुरता वाटा ३५. एकूण १,२२६.

भाऊजींच्या यादीत आणखी बरंच होतं. दुपारची जेवणं काढली. माणूस जगण्यासाठी जेवतोच, नेहमीचं दुपारचं जेवण धंद्याचा खर्च होत नाही. मुक्काम पडला तिथलं रात्रीचं जेवण चालतं. जीन्स काढल्या. बूट संरक्षणाचे आहेत, जीन्स नुसते कपडे. घरापासून यार्डापर्यंतची स्वतःची गाडी मैलाला ४५ पेन्सने लावायची होती. पण बहुतेक कामं एकाच यार्डातून सुरू होतात, तिथे जाणं नोकरीला जाण्यासारखंच झालं. तेही काढलं. शनिवारच्या डेपोला जाण्याचा तर प्रश्नच नाही.

लायसनवर जरा वाद झाला. क्लास वनला त्यांनी मोठी रक्कम घातली होती आणि कमाई तर त्याच्याच जोरावर. पण नवा धंदा सुरू करता यावा म्हणून कौशल्य मिळवायचा खर्च भांडवली धरतात, तो रोजच्या खर्चात बसत नाही. चालू धंद्यात असताना सीपीसीचं ठराविक प्रशिक्षण घेतलं तर ते बसतं, कारण ते आहे ते ज्ञान ताजं ठेवणं झालं. गेल्या वर्षात तसा दिवस नव्हता. यंदा झाला तर शनिवारच्या नोकरीलाही तोच उपयोगी पडणार, म्हणून वाटणी करून लावायचा. अर्थात वाहतूकदाराने फी भरली तर प्रश्नच मिटला.

२,१४० वजा १,२२६: नफा ९१४. सरसकट हजार घेतले असते तर १,१४० वर टॅक्स लागला असता. खऱ्या खर्चाने ४५ पौंड वाचले. ज्या कामात डिझेल आपल्या खिशातून जातं तिथे वही ठेवण्याचं चीज होतं. फक्त वेळ विकायचं काम असेल, खर्च किरकोळ असेल, तिथे सरसकट हजारच बरे.

२ सप्टेंबर २०२५

सेल्फ असेसमेंटची, म्हणजे स्वतः रिटर्न भरण्याची, नोंदणी केली. मुदत ५ ऑक्टोबर. भाऊजींच्या गव्हर्नमेंट गेटवेमधून (सरकारी ऑनलाइन खातं), सोल ट्रेडर म्हणजे एकट्याचा धंदा म्हणून. दहा मिनिटांचं काम, त्यातली सहा पासवर्ड आठवण्यात.

२३ सप्टेंबर २०२५

दहा आकडी यूटीआर (करदात्याचा क्रमांक) पोस्टाने आला. फाइलला लावला, आणि फोटो जाऊबाईंकडे. भाऊजींकडे नाही.

९ नोव्हेंबर २०२५

रिटर्न भरलं. ऑनलाइनची मुदत ३१ जानेवारी, पण आम्हाला दुसरी तारीख महत्त्वाची होती: ३० डिसेंबर. तोवर रिटर्न गेलं आणि देणं ३,००० पौंडांच्या आत असलं तर ते पुढच्या वर्षीच्या टॅक्स कोडमधून हप्त्याहप्त्याने कापून घ्यायला सांगता येतं.

नोकरीची पानं दोन, प्रत्येक पी-६० साठी एक. सेल्फ-एम्प्लॉयमेंटचं छोटं पान एक. गोदामाचा पगारही पुन्हा भरायचा का, असं भाऊजींनी विचारलं. भरायचा. रिटर्न हे सगळ्या वर्षाचं असतं, फक्त जास्तीच्या कमाईचं नाही. आकडे पी-६० वरूनच घ्यायचे, बँकेत आलेल्या पैशांवरून नाही.

शनिवारच्या नोकरीतून देणं शून्य, 'बीआर'ने पुरेपूर कापलेलं. ट्रेड प्लेटच्या ९१४ वर २० टक्के: १८२.८० पौंड. क्लास फोर नॅशनल इन्शुरन्स नाही, कारण तो धंद्याचा नफा १२,५७० च्या वर गेला तरच लागतो आणि त्यात पगार मिळवत नाहीत. क्लास टू (धंदेवाल्यांचा ठराविक आठवडी हप्ता) एप्रिल २०२४ पासून सक्तीचा राहिलेला नाही. स्वेच्छेने भरायचीही गरज नाही, सरकारी पेन्शनचं वर्ष गोदामाच्या पगारातून भरलंय. देणं १,००० च्या आत, म्हणून जानेवारी-जुलैचे आगाऊ हप्तेही नाहीत.

"टॅक्स कोडमधून वसूल करा" या प्रश्नाला होय केलं. पावती क्रमांक उतरवून घेतला. या वर्षाची कागदपत्रं ३१ जानेवारी २०३१ पर्यंत ठेवायची, तसं खोक्यावर मार्करने लिहिलं.

१४ फेब्रुवारी २०२६

कोडिंग नोटीस आली. एप्रिलपासून गोदामाचा कोड १२५७एल ऐवजी ११६५एल.

भाऊजींचा घाबरा फोन. कोड कमी झाला म्हणजे दंड लागला असं त्यांना वाटलं. आकडा फोनवरच फोडून दाखवला. १८२.८० पौंड २० टक्क्यांनी वसूल व्हायला करमुक्त रक्कम ९१४ ने कमी करावी लागते. १२,५७० वजा ९१४ म्हणजे ११,६५६. शेवटचा आकडा गाळला की ११६५, पुढे एल. महिन्याच्या पगारातून साधारण सव्वापंधरा पौंड जास्त जातील. शनिवारचा 'बीआर' आहे तसाच.

नोटीस ओळ न ओळ तपासली. कधीकधी एचएमआरसी यंदाच्या धंद्याचा अंदाज बांधून तोही कोडमध्ये घालते, आणि मग वसुलीच्या वर अंदाजाचंही कापलं जातं. इथे तशी ओळ नाही. पुढच्या वर्षीही हे बघायचं.

भाऊजींनी आणखी एक विचारलं: एप्रिल २०२६ पासून 'मेकिंग टॅक्स डिजिटल' येतंय, दर तीन महिन्यांनी कळवावं लागेल का? ते धंदा आणि घरभाड्याची जमा ५०,००० च्या वर असणाऱ्यांना. २०२७ पासून ३०,००० आणि २०२८ पासून २०,०००. पगार त्यात धरत नाहीत. ट्रेड प्लेटला तिथवर पोचायचं तर जाऊबाईंना घर सोडून जावं लागेल.

यंदाच्या वहीत डिसेंबरनंतरच्या पावत्या लागायच्या आहेत. त्या येत्या रविवारी मागवल्या आहेत, फोटो नाही, मूळ कागद.